पुतळे खेळतात, मुलांना मनाई आहे : नगरपरिषदेस एक खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व सन्माननीय नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस

विषय : वडाच्या मैदानावरील ‘पारंपरिक खेळ उद्यान’, तेथील मनाईचा फलक आणि मैदानाचा निम्मा भाग तासाच्या भाड्याने देण्याचा निर्णय

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यातील एका संध्याकाळी मी पाहिलेली गोष्ट आधी सांगते. मैदानाच्या पूर्वेकडील भागात आपण जे ‘पारंपरिक खेळ उद्यान’ उभारले आहे, तेथे लगोरी खेळणाऱ्या मुलांच्या फायबरच्या पुतळ्यांशेजारी सहा-सात खरीखुरी मुले जमली होती. पेव्हर ब्लॉक बसवताना उरलेले सात तुकडे त्यांनी कुठून तरी गोळा करून एकावर एक रचले होते आणि एक मुलगी टेनिसचा जुना चेंडू हातात घेऊन नेम धरत होती. तिने चेंडू मारण्याआधीच रखवालदाराने शिट्टी वाजवली, सातही तुकडे उचलून आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवले, चेंडू खिशात टाकला आणि मुलांना फलकाकडे बोट दाखवले. ‘उद्यानात चेंडू खेळण्यास, पळण्यास व झाडावर चढण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ मुले काही न बोलता निघून गेली. लगोरी फोडण्याच्या पवित्र्यातला फायबरचा मुलगा मात्र हात उगारून उभाच होता. त्याला कोणी हटकले नाही.

रखवालदाराचा यात दोष नाही. तो माझाच विद्यार्थी आहे आणि लहानपणी त्याच मैदानावर लगोरीत त्याचा नेम कधी चुकत नसे. शिट्टी वाजवताना त्याने माझ्याकडे पाहण्याचे टाळले. दोष फलकाचा आहे, आणि ज्या ठरावाने तो फलक तेथे आला त्या ठरावाचा आहे. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहेच, आणि इतर गावांतील जे कोणी हे वाचतील त्यांतील अनेकांना हे आपल्याच गावाविषयी आहे असे वाटेल, अशी मला भीती आहे.

मी या गावातील एका शाळेत ३१ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. आमच्या शाळेला स्वतःचे मैदान नव्हते. लंगडी, खो-खो, कबड्डी, आट्यापाट्या हे सगळे वडाच्या मैदानावर होत असे. खो-खोचे खांब दर पावसाळ्यानंतर नव्याने पुरावे लागत आणि त्यासाठी मी स्वतः पहार घेऊन खड्डे खणलेले आहेत. त्याआधी, साठच्या दशकात, त्याच मैदानावर मी स्वतः वाढले. आज त्या मैदानाचा पश्चिमेकडील निम्मा भाग जाळीच्या आत कृत्रिम हिरवळीचा ‘टर्फ’ झाला आहे, ज्याचे भाडे तासाला ८०० रुपये आहे. पूर्वेकडील उरलेल्या भागावर ब्लॉक, कारंजे, सेल्फी पॉइंट आणि अकरा पुतळे आहेत. खेळायला उरला तो मधला रस्ता, आणि तेथे दुचाक्या लावलेल्या असतात.

पुतळ्यांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फुगडी घालणाऱ्या दोन मुलींचे हात आपल्या शिल्पात सरळ धरलेले दाखवले आहेत. फुगडीत हातांचा तिढा असतो. उजवा उजव्यात, डावा डाव्यात. सरळ हात धरून वेग घेतला तर दुसऱ्या-तिसऱ्या गिरकीला पकड सुटेल आणि दोघी दोन दिशांना जाऊन पडतील. भोवरा खेळणाऱ्या मुलाने दोरी वरून खाली गुंडाळली आहे. ती आरीपासून, म्हणजे भोवऱ्याच्या टोकाच्या खिळ्यापासून, वर गुंडाळत न्यायची असते. विटी तर दोडक्याएवढी आहे. या चुका क्षुल्लक आहेत हे मला मान्य आहे, परंतु त्या एवढ्याचसाठी सांगते की पुतळे करून घेण्यापूर्वी, करताना किंवा बसवताना या सगळ्या व्यवहारात जिने कधी फुगडी घातली आहे अशा एकाही व्यक्तीला कोणी विचारलेले दिसत नाही. गावात अशा बायका शेकड्यांनी आहेत.

आपण या खेळांना ‘आपला अनमोल सांस्कृतिक ठेवा’ म्हणता; तसे उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापले होते. ठेवा आहे हे खरेच, परंतु तो नेमका कशात आहे हे समजून घेतले असते तर पुतळ्यांवर पैसा खर्च झाला नसता.

विटीदांडूचे पाहा. विटी गलीवर, म्हणजे जमिनीत खणलेल्या लहान खाचेवर, आडवी ठेवून दांडूने कोलायची, मग ती कधी पायाच्या पंज्यावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून उडवायची आणि टोला मारायचा. अंतर दांडूने मोजायचे. हे मोजताना आम्ही एक, दोन, तीन म्हणत नसू. वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणत असू. मला हे निरर्थक शब्द वाटत असत. पुढे आमच्या गावात बदलून आलेल्या एका तेलुगू भाषिक अधिकाऱ्याची मुलगी माझ्या वर्गात होती, ती पहिल्याच दिवशी हसू लागली, कारण ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे तिच्या घरचे आकडे होते. मराठी मुलांनी हे आकडे कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाहीत. ते मैदानावरून मैदानावर आले आणि शेकडो वर्षे कोणी न शिकवता टिकले. आज गावातील दहा वर्षांच्या मुलाला ‘नाल’ म्हणजे किती हे विचारून पाहावे.

तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, फुगडी, हमामा, टिपरी यांवर अभंग आहेत. परमार्थ सांगायला त्यांना हे खेळ उपयोगी पडले, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने ते खेळलेले होते. आपले रोजचे बोलणेही मैदानाच्या मातीने माखलेले आहे. आपल्याच सभागृहात एखाद्याची सूचना ‘कोलली’ जाते, दुसऱ्याच्या ठरावाला ‘खो घातला’ जातो, कोणी ‘डाव टाकतो’, कोणी ‘रडीचा डाव’ खेळतो. चळवळीचे ‘लोण’ गावोगाव पोचले असे वर्तमानपत्रे लिहितात; ते ‘लोण’ आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून परत आणायचे असते, आणि कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातही हा शब्द मराठी वळणाचाच राहिला आहे. ‘राज्य’ हा तर माझा सर्वांत आवडता शब्द. खेळात ज्याच्यावर राज्य येते त्याला मिरवता येत नाही. त्याला सर्वांत जास्त धावावे लागते, डोळे मिटून उभे राहावे लागते, सगळ्यांच्या चेष्टा सहन कराव्या लागतात, आणि कधी एकदा राज्य दुसऱ्यावर जाते असे त्याला होऊन जाते. राज्याचा हा अर्थ आपल्या भाषेला मुलांनी दिला आहे. मोठ्यांना तो सुचला नसता.

परंतु या खेळांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट शब्दांपलीकडची आहे. ती म्हणजे लिंबूटिंबू. चार-पाच वर्षांचे धाकटे भावंड कडेवरून किंवा बोट धरून मैदानावर येत असे, कारण मोठ्या बहिणीला खेळायला सोडताना आई त्यालाही तिच्या गळ्यात घालत असे. त्याला खेळायचे असे, पण तो बाद झाला की रडणार, राज्य आले की डाव मोडणार. मग त्याला लिंबूटिंबू ठरवत. तो सगळ्यांबरोबर पळणार, लपणार, ओरडणार. पण तो बाद धरायचा नाही आणि त्याच्यावर राज्य यायचे नाही. वर्षा-दोन वर्षांनी तोच एक दिवस ठणकावून सांगे, ‘मी आता लिंबूटिंबू नाही,’ आणि त्या दिवसापासून तो खरोखरच भिडू होत असे. दुबळ्याला बाजूला न काढता खेळात कसे घ्यावे आणि तो समर्थ झाल्यावर सवलत त्याने आपणहून कशी सोडावी, याची ही व्यवस्था कोणत्याही क्रीडा अधिकाऱ्याने घालून दिलेली नव्हती. माझ्या एका विद्यार्थ्याचा पाय पोलिओने अधू होता. शाळेच्या स्पर्धांत त्याला कोठेही जागा नसे; मैदानावर मात्र मुलांनी त्याच्यासाठी लगोरीचा वेगळा नियम केला होता, की त्याने फक्त नेम मारायचा आणि त्याच्या वाटचे पळायचे काम ज्याला तो निवडेल त्याने करायचे. हा नियम मी केलेला नाही. मला तो सुचलाही नव्हता, हे एक शिक्षिका म्हणून कबूल करते.

टर्फवर असे काही होऊ शकत नाही. ज्या जागेचे मिनिटागणिक पैसे मोजलेले असतात, तेथे चकून, म्हणजे हात उलटसुलट टाकून, राज्य ठरवण्यात, भांडण्यात, नियम बदलण्यात आणि ‘टाइमप्लीज’ म्हणून मध्येच पाणी प्यायला जाण्यात वेळ घालवणे परवडत नाही. मुलांचा खेळ म्हणजे तर निम्म्याहून अधिक हेच असते. बारा जण वर्गणी काढतात, बाराच खेळतात. तेरावा जाळीबाहेर.

जुने सगळे चांगले होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या लहानपणी विटीदांडू मुलींना वर्ज्य होता. मी भावाचा दांडू चोरून खेळले म्हणून मार खाल्लेला आहे. आमच्यासाठी सागरगोटे, बिट्ट्या, काचापाणी, झिम्मा, फुगडी आणि आश्विनात हादगा असे. हे सारे अंगणातले, नजरेच्या टप्प्यातले खेळ. नदीपलीकडच्या वस्तीतील मुले वडाखाली आली तर त्यांना डावात घ्यायचे की नाही हे त्यांचे आडनाव ठरवत असे, आणि हे मी कोणाचे ऐकून सांगत नाही. मैदान सर्वांचे व्हायला माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळ वर्षे लागली. ऐंशीच्या दशकात शाळेतील मुलींचा खो-खो मैदानाच्या मध्यभागी सुरू केला तेव्हा पालकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे आला होता. त्या मुलींनी पुढे जिल्हा गाजवला आणि अर्जावर सही करणारेच मिरवणुकीत पुढे होते. इतक्या कष्टाने जे मैदान सर्वांचे झाले, ते आता पुन्हा ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचे होत आहे, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आता तक्रारी सांगते.

विकास आराखड्यात ही जागा ‘खेळाचे मैदान’ म्हणून दाखवलेली आहे. ‘उद्यान’ आणि ‘खेळाचे मैदान’ ही दोन निरनिराळी आरक्षणे आहेत हे आपल्या नगररचना विभागाला मी सांगण्याची गरज नाही. आरक्षणात बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. अशी सूचना निघाल्याचे मला किंवा मी विचारलेल्या कोणालाही आठवत नाही. निघाली असल्यास तिची प्रत दाखवावी. न निघाली असल्यास पळण्यास मनाई असलेली जागा खेळाचे मैदान कशी ठरते हे समजावून सांगावे.

दुसरी तक्रार ब्लॉकची. ही आपल्याला किरकोळ वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. विटीदांडूला गल खणावी लागते, गोट्यांना गल लागते, आट्यापाट्यांना पाट्या आखाव्या लागतात, खो-खोला खांब पुरावे लागतात, भोवऱ्याच्या आरीला माती लागते, लंगडीत पडले तर गुडघा फुटू नये अशी जमीन लागते. यांतील एकही गोष्ट सिमेंटच्या ब्लॉकवर होत नाही. आपण ज्या खेळांचे पुतळे ब्लॉकवर बसवले, ते खेळ त्या ब्लॉकवर खेळताच येत नाहीत. मुरूम टाकून पाणी मारलेली जमीन या सगळ्यांपेक्षा स्वस्त पडली असती. पण तिचे उद्घाटन करता येत नाही, ही अडचण मी समजू शकते.

तिसरी तक्रार वडाची आहे. बुंध्याला भिडवून सिमेंटचा कट्टा बांधला आणि ‘स्वच्छ दिसावे’ म्हणून खाली येणाऱ्या पारंब्या छाटल्या. सूरपारंब्या हा खेळ ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते : रिंगणात उभे राहून एकाने पायाखालून काठी लांब भिरकवायची, राज्य असणाऱ्याने ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी पारंब्यांना धरून झाडावर चढायचे, आणि मग वरून खाली, फांदीवरून फांदीवर, त्याला चुकवत पुन्हा काठीपाशी पोचायचे. हा खेळ त्या झाडाबरोबर जन्मला आहे आणि ते झाड नसेल तर तो दुसरीकडे नेता येत नाही. वडाची पारंबी जमिनीत रुजली की तिचे खोड होते आणि झाडाला आधार मिळतो. छाटलेल्या पारंबीने झाडही दुबळे होते आणि मुलांची शिडीही जाते.

चौथी शाळांची. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असलेच पाहिजे असे म्हटले आहे. गावातील ज्या शाळांना मैदान नाही त्या कागदोपत्री वडाचे मैदान दाखवत आल्या आहेत, आणि त्यांत आपल्या स्वतःच्या शाळाही आहेत. आता ते मैदान नाही, तर त्या कागदांवर काय दाखवणार? तूर्त तरी खेळाचा तास गणिताला दिलेला आहे, असे मुले सांगतात.

पाचवी तक्रार दरवर्षीच्या ‘पारंपरिक खेळ महोत्सवा’ची. मंडप, ध्वनिक्षेपक, प्रायोजकांचे फलक आणि रात्री नऊनंतर व्यासपीठावर नऊवारीतील महिलांची मंगळागौर. त्या महिलांविषयी मला आदर आहे. त्यांतील तीन माझ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांचा पिंगा पाहण्यासारखा असतो. परंतु मुलांच्या खेळांच्या महोत्सवात मुले खुर्च्यांवर बसून असतात, हे कोणाच्याच लक्षात कसे येत नाही? गेल्या वर्षी लहान मुलांसाठी म्हणून विटीदांडूची ‘ओळख’ ठेवली होती. दांडू काचेच्या पेटीत होता.

आपल्या बाजूने जे सांगितले जाते तेही मी ऐकले आहे. एक म्हणजे, विटी डोळ्याला लागते. खरे आहे, लागते, आणि तशी दुखापत मी पाहिलेली आहे. म्हणून मी शाळेत विटीची टोके बोथट करून घेत असे, बघ्यांना टोला मारणाऱ्याच्या मागे आणि दहा पावले लांब उभे करत असे, आणि लहान गट व मोठा गट कधी एकत्र खेळू देत नसे. धोका असलेल्या गोष्टीची रीत शिकवायची असते. झाडावरून पडण्याच्या भीतीने झाडच बंद करायचे, तर मग जिने आणि नदीचा घाटही बंद करावा लागेल.

दुसरे म्हणजे, टर्फमधून उत्पन्न मिळते. किती मिळते आणि त्यातील किती ठेकेदाराला जाते हे जाहीर झालेले नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. एवढेच म्हणते की रस्त्यावरच्या दिव्याखाली उभे राहण्याचे भाडे आपण घेत नाही.

तिसरे म्हणजे, हल्लीची मुले मोबाइलच सोडत नाहीत, त्यांना या खेळांत रस उरलेला नाही. हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. मी सुरुवातीला सांगितलेली मुले मोबाइल सोडूनच आली होती. त्यांनी कोणाच्याही सांगण्यावाचून, पुतळे पाहून, सात तुकडे शोधून आणले होते. आपल्या उद्यानाचा तो एकमेव खरा परिणाम होता आणि तो आपण जप्त केला.

या खेळांना प्रतिष्ठा नाही असे कोणी समजू नये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत हुतूतू आणि खो-खो यांचे नियम बसवून सामने भरवले. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन आपल्या देशी खेळांचे प्रदर्शन करून आले. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाली. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. त्या विजयानंतर आपल्या कार्यालयाबाहेर अभिनंदनाचा फलक लागला होता, हे मला आठवते. त्या फलकाच्या मागेच, खो-खोचे आमचे खांब जेथे होते तेथे, तेव्हा ब्लॉक बसवण्याचे काम चालू होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये शाळांतून ७५ भारतीय खेळ खेळवण्याचा उपक्रम जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळणे हा मुलाचा हक्क म्हटला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती फक्त आपल्या फलकाची.

तरीही पदकांच्या जोरावर मी ही मागणी करू इच्छित नाही. काचापाणीला कधी पदक मिळणार नाही. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे रिंगणात टाकायचे आणि दुसरा तुकडा न हलवता एकेक बाहेर काढायचा, यात पाहण्यासारखे काही नाही. पण श्वास रोखून धरलेला तो एक क्षण ज्या मुलीने अनुभवला आहे तिला हाताच्या बोटांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. गजग्याच्या वेलीचे सागरगोटे, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या (यांचे बी विषारी असते, तोंडात घालायचे नाही, हे आई रोज बजावत असे), एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके, वाळलेल्या फांदीची विटी. खेळायला विकत काही आणावे लागत नसे, म्हणून घरच्या परिस्थितीमुळे कोणाला खेळाबाहेर राहावे लागत नसे. तीन दशकांत माझ्या विद्यार्थ्यांकडून ऐकून मी एका वहीत ६३ खेळांची नावे आणि रीती लिहून ठेवल्या आहेत. एकच खेळ वरच्या आळीत एका नावाने, धनगरवाड्यात दुसऱ्या आणि मोहल्ल्यात तिसऱ्याच नावाने खेळला जातो, असे त्यात अनेकदा आले आहे. ती वही मी नगरपरिषदेच्या वाचनालयाला द्यायला तयार आहे. परंतु तिचे फलक करून ब्लॉकवर लावणार असाल तर देणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मनाईचा फलक या आठवड्यात काढावा. त्याजागी हवा असेल तर ‘येथे खेळावे’ असा लावावा, न लावला तरी चालेल. टर्फचा करारनामा नगरपरिषदेच्या सूचनाफलकावर संपूर्ण लावावा आणि करार चालू असेपर्यंत रोज दुपारी चार ते सात हा वेळ सोळा वर्षांखालील मुलामुलींसाठी विनामूल्य ठेवावा. करार संपल्यावर तो वाढवू नये आणि जाळी काढावी. मैदानाच्या पूर्व भागातील ब्लॉक, निदान कारंज्यापासून वडापर्यंतचे, उखडून तेथे मुरूम आणि माती टाकावी. वडाभोवतीचे सिमेंट काढून बुंध्याभोवतीची जमीन मोकळी करावी आणि यापुढे पारंब्यांना हात लावू नये. दुचाक्यांची सोय इतरत्र करावी. मैदान नसलेल्या शाळांना आठवड्याचे तास ठरवून देऊन ते वेळापत्रक लेखी कळवावे.

महोत्सवाच्या खर्चातील एक लहानसा हिस्सा बाजूला काढून गावातल्याच सुताराकडून दांडू, बोथट विट्या आणि भोवरे करून घ्यावेत. ते, लगोऱ्या, कापडी चेंडू आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या रखवालदाराच्या केबिनमध्ये ठेवून वहीत नाव लिहून मुलांना द्याव्यात. काही हरवेल, काही मोडेल. पुन्हा करून घ्यावे. हे साहित्य सांभाळायला आणि रीत शिकवायला आठवड्यातून तीन दिवस मी विनामोबदला येईन. माझ्यासारख्या आणखी चौघीजणी आहेत, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. पुतळे काढा असे मी म्हणत नाही. पैसे खर्च झाले आहेत, राहू द्यावेत. मुले त्यांच्यावर चढतील, त्यांना राज्य देतील, त्यांच्या मागे लपतील. फुगडीवाल्या दोघींचे हात तेवढे दुरुस्त करून घ्यावेत.

आणि पुढच्या वेळी मुलांच्या जागेविषयी ठराव करण्याआधी आठ-दहा मुलांना सभागृहात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे.

येत्या सर्वसाधारण सभेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता हे पत्र, त्यावरील सह्यांसह, मी आवक-जावक विभागात प्रत्यक्ष देईन आणि त्याची पोच घेईन. त्याच वेळी, रखवालदाराच्या केबिनमध्ये जमा असलेले पेव्हर ब्लॉकचे सात तुकडे आणि टेनिसचा एक जुना चेंडू मला परत मिळावा. त्यांची पावती मुलांना देण्यात आलेली नाही. चेंडू ज्या मुलीचा आहे ती माझ्याबरोबर येणार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका
वरची आळी